नवरा पोलिसात, रात्र रात्र झोप नाही, आणि डॉक्टर म्हटलं की "रेकॉर्डला लागेल"

खिडकीतली_जाई
नमस्कार. मी इथे फक्त वाचत असते, लिहायची पहिलीच वेळ, त्यामुळे लांबण लागली तर सांभाळून घ्या.

माझे मिस्टर पोलीस हवालदार आहेत. एकोणीस वर्षं झाली. जिल्हा सांगत नाही, कारण तुम्हाला कळेलच. मागच्या पावसाळ्यात त्यांच्या हद्दीत एक मोठा अपघात झाला, पहिल्या गाडीने जे पोचले त्यात हे होते. दोन दिवस घरी आले नाहीत. आले तेव्हा अंघोळ केली, जेवले, झोपले. मी विचारलं तर म्हणाले, "नेहमीचंच." मलाही वाटलं, ह्यांनी असलं पुष्कळ पाहिलंय.

त्यानंतर हळूहळू सुरू झालं. ड्युटीवरून आले की पलंगाच्या कडेला बसतात, एक बूट काढतात आणि तो हातात धरून अर्धा अर्धा तास तसेच. दिवा लावला की चिडतात. रात्री दोन-तीनदा उठून दाराची कडी बघतात. परवा मुलाच्या हातून ताट पडलं तर इतक्या जोरात ओरडले की शेजारचे बाहेर आले, आणि मग स्वतःच बाथरूममध्ये नळ सोडून बराच वेळ बसले. आधी कधीतरी लग्नाकार्याला घ्यायचे, आता "झोप लागते" म्हणून रोज थोडी.

डॉक्टरचं नाव काढलं तर म्हणाले, "वेड्याच्या डॉक्टरकडे गेलो हे हजेरी मेजरला कळलं की संपलं. हत्यार काढून घेतील, साईडला टाकतील, रेकॉर्डला लागेल. प्रमोशनची यादी तोंडावर आहे." मला एवढंच विचारायचंय की हे खरंच असं आहे का? आणि ह्यांना तिथपर्यंत न्यायचं कसं?

रानवारा
वाचतोय. ताई, धीर धरा, इथे खात्यातले दोन-चार जण आहेत, येतील.

निवृत्त_फौजदार
जाईताई, तुमचं वाचून मोबाईल खाली ठेवला, मग परत उचलला. छत्तीस वर्षं खात्यात काढून सहायक फौजदार म्हणून बाहेर पडलोय.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. सुट्टीच्या दिवशी खाजगी डॉक्टरकडे गेलात, पदरच्या पैशाने औषध घेतलंत, तर खात्याला कोण सांगणार? कोणी नाही. भानगड होते ती सिक, म्हणजे आजारपणाची रजा, टाकायची वेळ आली की. सर्टिफिकेटवर डॉक्टरचा शिक्का असतो, शिक्क्यावर मनोविकारतज्ज्ञ असं लिहिलेलं असतं, आणि तो कागद आधी कारकुनाच्या टेबलावर जातो. कारकुनाच्या टेबलावर गेलेली गोष्ट म्हणजे गावाला दवंडीच. मग दुसऱ्या दिवशी हजेरीला कोणीतरी डोक्याजवळ बोट फिरवतो, बाकीचे हसतात. कागदावर काही लागत नाही हो, पण लोकांच्या तोंडी लागतं. तुमचे मिस्टर घाबरतात ते ह्याला, आणि ती भीती खोटी नाही हे मी आधीच कबूल करतो.

आता माझं. नोकरीला नवा होतो, नदीवरची एक एडी, म्हणजे अकस्मात मृत्यूची केस, होती, पंचनामा मी लिहीत होतो. लहान मुलाची चप्पल, डावी, लाल पट्टा. आपल्याकडे मुद्देमालात लिहायची पद्धत असते, जुनी वापरती, किंमत अंदाजे अमुक. मी किमतीच्या जागी शून्य लिहिलं. आई शेजारीच बसली होती, तिला वाचता येत नव्हतं हे माझं नशीब. तीस वर्षं उलटून गेली. अजून दारात कोणाची चप्पल उलटी दिसली की मी सुलटी करतो, बायको म्हणते ह्यांना वास्तुशास्त्राचा नाद कधी लागला. तिला आजवर सांगितलेलं नाही आणि इथे लिहितोय, गंमतच आहे.

शंकेखोर
सहानुभूती आहे, पण एक विचारतो, राग मानू नका. ताण कोणाला नाही? बस ड्रायव्हरला आहे, नर्सला आहे, शेतकऱ्याला तर विचारूच नका. पोलिसांच्या हातात निदान दांडका असतो. मी पासपोर्टच्या व्हेरिफिकेशनला पाच चकरा मारल्या तेव्हा ताण टेबलाच्या कुठल्या बाजूला होता ते मला चांगलं माहितीये.

रानवारा
शंकेखोर, ताईंनी पासपोर्टबद्दल विचारलेलं नाही. तुमचा धागा वेगळा काढा, तिथे मीपण येतो, माझ्या सहा चकरा झाल्यात.

पोलीस_लाईनमधला
मी लाईनमध्येच वाढलो. दोन खोल्यांचं क्वार्टर, चार मजले, बारा बिऱ्हाडं. आम्हा पोरांना जिन्यातल्या बुटांच्या आवाजावरून कळायचं कोणाचे पप्पा आले आणि आज कसे आलेत. आवाज जड असेल तर सगळ्या मजल्यावरचा टीव्ही बारीक व्हायचा. आणि हे आम्हाला नॉर्मल वाटायचं, मी कॉलेजला मित्राच्या घरी गेलो आणि त्याचे वडील ऑफिसातून येऊन त्याच्याशी क्रिकेटवर गप्पा मारायला लागले तर मला वाटलं ह्यांच्याकडे आज काहीतरी विशेष आहे.

आमच्या पप्पांचं दारूपर्यंत गेलं नाही, गप्पपर्यंत गेलं. रिटायर होऊन सात वर्षं झाली तरी फोन वाजला की उभे राहतात. अक्षरशः उभे राहतात.

ताई, न्यायचं कसं ह्यावर एकच सांगतो. समोरासमोर बसून बोलू नका. पोलिसाला समोर बसवून प्रश्न विचारले की त्याला तो जबाब वाटतो, आयुष्यभर तो स्वतः तेच करत आलेला असतो ना. मी पप्पांना बाईकवर मागे बसवलं आणि चालवता चालवता विचारलं. तोंड दिसत नाही एकमेकांचं. वीस किलोमीटर काहीच बोलले नाहीत, परत येताना बोलले.

डॉ_सावली
मी मनोविकारतज्ज्ञ आहे, आधी सरकारी रुग्णालयात होते, आता खाजगी. माझ्याकडे पोलीस येतात. येतात म्हणजे कसे, तर बायकोचं डोकं दुखतं म्हणून बायकोला घेऊन येतात आणि ती आत गेल्यावर म्हणते, दुखणं ह्यांचं आहे.

जाईताई, न बघता निदान करता येत नाही आणि मी करणारही नाही. पण तुम्ही जे लिहिलंय ते तुकडे मी नेहमी एकत्र बघते. छोट्या आवाजाला दचकणं, कडी तपासत राहणं, त्या प्रसंगाबद्दल अवाक्षर न काढणं, झोप उडणं. एखाद्या भयंकर प्रसंगानंतर पहिले काही आठवडे हे कोणालाही होऊ शकतं आणि बऱ्याच जणांचं आपोआप निवळतं. महिना उलटून गेला तरी चालूच असेल तर तपासून घ्यायला हवं, तुमच्याकडे तर पुढचा पावसाळा आला. दुसरं, पुरुषांमध्ये डिप्रेशन रडक्या चेहऱ्याने येईलच असं नाही, चिडचिडीच्या रूपानेही येतं. घरचे म्हणतात ह्यांचा स्वभाव बिघडला.

दारूबद्दल. तिने झोप लागते हे खरं, पण ती झोप मध्यरात्रीनंतर तुटते, आणि मग माणूस तीन वाजता टक्क जागा. त्यात आज डे, उद्या नाईट, परवा बंदोबस्त. शरीराचं घड्याळ कशाला लावायचं तेच त्याला कळत नाही.

गोळ्यांची सगळ्यांना भीती असते. डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. फरक दिसायला दोन ते चार आठवडे लागतात आणि मधेच मनाने बंद करायच्या नसतात, एवढं पाळावं लागतं. झोपेच्या गोळ्या वेगळ्या, त्यातल्या काहींची सवय लागू शकते, त्या मेडिकलवाल्याला विचारून घेऊ नका.

आणि एक महत्त्वाचं. ते कधी "मी नसलेलाच बरा" असं काही बोलले, किंवा अचानक हिशेब, कागदपत्रं समजावून सांगायला लागले, तर सरळ विचारा, जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात येतं का. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. उत्तर हो आलं तर त्यांना एकटं सोडू नका, हत्यार घरी येत असेल तर ते घराबाहेर राहील असं बघा, आणि त्याच दिवशी डॉक्टर. रात्री-बेरात्री टेलिमानस ही सरकारी हेल्पलाईन आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं.

चहाबिस्कीट
डॉक्टरांच्या प्रतिसादाला दंडवत. थोडं हलकं करतो.

आमच्याकडे ताणमुक्ती शिबिर झालं होतं. नाईट करून उतरलेल्यांना सकाळी नऊला हॉलमध्ये बसवलं, हजेरी सक्तीची, गैरहजर राहील त्याचा कसुरी अहवाल. वक्ते म्हणाले डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या. तिसऱ्या मिनिटाला अर्धा हॉल घोरत होता. वक्ते खूश, म्हणाले बघा किती लवकर शांतता लाभली. मागे साहेब घोरणाऱ्यांचे बक्कल नंबर लिहून घेत होते.

दोन_स्टार
चहाबिस्कीट, मी त्याच्या पुढचं सांगतो, आमच्या शिबिराला मोठे साहेब येणार म्हणून शिबिराचाच बंदोबस्त लागला. ताण घालवायला जे बसले त्यांच्यापेक्षा जास्त माणसं रस्त्यावर उभी होती. मी त्यात होतो.

आता गंभीर. मी पीएसआय आहे, त्यामुळे इथे "साहेब रजा देत नाहीत" हे जे येणारच आहे त्याला आधीच उत्तर देतो. कागदावर जेवढी माणसं तेवढी ठाण्यात कधीच नसतात. कोर्टाला गेले, समन्स-वॉरंटला गेले, आरोपी मेडिकलला घेऊन गेले, कोणी ट्रेनिंगला, कोणी कोणाच्या बंगल्यावर. उरतात त्यांच्यातून नाकाबंदी, बीट, पेट्रोलिंग, आणि वर वायरलेसवर मेसेज येतो की सभा आहे, तीस माणसं पाठवा. तिथे एकाची रजा मंजूर केली की दुसऱ्याची डबल ड्युटी. किरकोळ रजा २०२२ मध्ये १२ च्या २० केल्या, चांगलं झालं, पण रजा वाढल्या तशी माणसं वाढली का? माझ्याच डोक्यावर वरून इतकं असतं की समोरच्या हवालदाराच्या डोळ्याखाली काय आहे ते बघायला मान वर करायची फुरसत नसते. हे समर्थन नाही, कसं घडतं ते सांगतोय.

आणि वाकोला पोलीस ठाणं विसरू नका. २०१५ ला मुंबईत, गैरहजेरी लावल्याच्या वादातून, सहायक फौजदाराने वरिष्ठ निरीक्षकांवर गोळी झाडली, मग स्वतःवर, दोघंही गेले. त्यानंतर काही दिवस सगळ्या ठाण्यांत साहेब लोक फार गोड बोलत होते. किती दिवस ते विचारू नका.

निवृत्त_फौजदार
दोन_स्टार, तुमचं पटतं, पण अर्धं. माणसं कमी आहेत म्हणून रजा नाही, मान्य. पण रजा मागायला आलेल्याला सगळ्यांसमोर "काय रे, बायको सोडत नाही का" म्हणायला मनुष्यबळ लागत नाही.

दोन_स्टार
ह्यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नाही. मी पण म्हटलंय असं कोणालातरी.

आकडेमोड
थोडी माहिती. कॉमन कॉज आणि सीएसडीएस-लोकनीती या संस्थांचा पोलिसांच्या कामाच्या परिस्थितीवरचा देशभराचा अहवाल २०१९ मध्ये आला. सरासरी ड्युटी दिवसाला १४ तास. दर दोघांतल्या एकाला साप्ताहिक सुट्टीच नाही. आणि चारांतले तीन म्हणाले की कामाच्या बोजाने शरीरावर आणि मनावर परिणाम होतोय. म्हणजे जाईताई, तुमच्या मिस्टरांच्या हजेरीला जे रांगेत उभे असतात त्यातले बहुतेक त्याच बोटीत आहेत, फक्त प्रत्येकाला वाटतं आपण एकटेच.

शंकेखोर
चारांतले तीन हा आकडा कुठल्याही ऑफिसात घेतला तरी येईल. आमच्या आयटीत तर चारांतले पाच म्हणतील.

खाकीताई
शंकेखोर भाऊ, तुमच्या आयटीत बारा तास उभं राहायला लागतं का, आणि पाणी पिताना विचार करावा लागतो का की आता प्यायलं तर जायचं कुठे? मी शिपाई आहे, अकरा वर्षं. बंदोबस्ताला आम्ही बायका सकाळपासून पाणीच पीत नाही, युरीन इन्फेक्शन हे आमच्यात सर्दीसारखं आहे. २०२१ मध्ये महिलांना आठ तासांची ड्युटी करायचा आदेश निघाला. त्या दिवशी मी घरी पेढे नेले होते. आठ तास झाल्यावर "जरा थांब गं, एक मेडिकल आहे, महिला आरोपी आहे, लेडीज लागेल" हे कुठल्या आदेशात बसतं ते मला अजून कळलेलं नाही. महिला आरोपी तर आमच्या आठ तासांचं घड्याळ बघून येत नाहीत.

मुलगा चार वर्षांचा आहे. त्याने शाळेत चित्र काढलं, माझी आई. एक बाई आणि शेजारी दार. बाई म्हणाल्या दार का काढलं, तर म्हणाला आई जाताना दिसते ना. मी ते चित्र घरी आणलं नाही, बाईंकडेच राहू दिलं.

बलात्काराच्या केसमध्ये लहान मुलीचा जबाब घ्यायला मलाच बोलावतात, महिला म्हणून. जबाब झाल्यावर मुलीला समुपदेशक भेटतो, भेटलाच पाहिजे. मी जीपमध्ये बसते आणि पुढच्या कॉलला जाते. मला कोणीतरी विचारावं असं मी म्हणत नाही, पण कोणी विचारलं नाही हे मला लक्षात आहे.

रानवारा
खाकीताई... काय लिहू.

शंकेखोर
ताई, माझं विधान मागे घेतो. आयटीचं. पासपोर्टचं नाही.

वकीलीणबाई
कायद्याचं थोडं, कारण मूळ प्रश्न रेकॉर्डचा होता आणि धागा भरकटतोय.

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७, मे २०१८ पासून लागू. ह्याच्या कलम २३ खाली रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणं बंधनकारक आहे, जिवाला धोका वगैरे मोजके अपवाद सोडून. डॉक्टर स्वतःहून तुमच्या मिस्टरांच्या ठाण्याला फोन करून सांगणार नाही. आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दल पूर्वी कलम ३०९ ची धास्ती असायची, ती २०१७ च्या कायद्यानेच बरीच बोथट केली आणि १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत तसं सरसकट कलम राहिलेलंच नाही. पोलीस माणूसच ह्याला जास्त घाबरतो कारण त्याने ते कलम लोकांना लावलेलं असतं.

नोकरीचं. सीआरपीएफच्या एका अधिकाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई चालू होती, त्याला बरीच वर्षं ओसीडी (मंत्रचळ) आणि डिप्रेशन होतं. डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कारवाई रद्द केली. म्हणाले, मानसिक आजाराचा वागण्यावर परिणाम होतो, त्यामुळे अशा माणसाला शिस्तभंगाला सामोरं जावं लागायची शक्यताच इतरांपेक्षा जास्त असते, आणि ते धरून न चालणं हा अप्रत्यक्ष भेदभाव आहे. अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढून टाकण्याऐवजी पद आणि पगार राखून दुसरं काम द्या, असंही त्यात आहे. केस केंद्रीय दलाची असली तरी तत्त्व वाचण्यासारखं आहे. सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागू नये हे खरंच, पण "कळलं की संपलं" असं नाही.

आता आठ तासांची मेख. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम २८. पोलीस अधिकारी हा कायम कर्तव्यावरच असल्याचं मानलं जाईल. कायम. मिस्टर झोपेत पण ड्युटीवर आहेत, कायद्याने.

चहाबिस्कीट
म्हणूनच झोप लागत नसेल, ड्युटीवर झोपलं तर कसुरी. (हलके घ्या.)

बॉम्बे_डक
आठ तासांवरून. मुंबईत २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात प्रयोग झाला, तेव्हा पडसलगीकर साहेब आयुक्त होते. गंमत म्हणजे डोकं एका शिपायाचं, त्याने कागदावर तीन पाळ्यांचं गणित मांडून दाखवलं की आहे त्याच माणसांत जमतं. ते जमलं, आणि पुढे शहरभर नेलं. आमचा मेहुणा तेव्हा मुंबईत होता, तो म्हणायचा पहिले पंधरा दिवस घरी इतक्या लवकर यायचो की बायकोला वाटलं सस्पेंड झालो. नंतर कुठे टिकलं, कुठे कोविड आणि बंदोबस्तात वाहून गेलं.

गिरणगावकर
हे लोक एकत्र येऊन मागणी का करत नाहीत असं कोणी विचारायच्या आत सांगतो, करता येत नाही. १९६६ चा पोलीस दलांच्या हक्कांवर निर्बंध घालणारा कायदा आहे, मनाला येईल तशी संघटना काढता येत नाही. मुंबईत संघटना होती एकेकाळी. १९८२ साल. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि १८ ऑगस्टला पोलीस रस्त्यावर उतरले, लष्कर बोलवायला लागलं. मी बारा वर्षांचा होतो, वडील गिरणीत, समोरच्या चाळीत हवालदार काका. सात महिने काका बंदोबस्तावर आणि वडील मोर्चात, दोघं संध्याकाळी एकाच नळावर. संघटनेची मान्यता गेली, कित्येकांची नोकरी गेली. तेव्हापासून बायकांनीच काय ते बोलायचं असा अलिखित नियम झालाय, मोर्चाला लाईनमधल्या बायका जातात, नवरे बंदोबस्ताला समोर उभे. हा धागासुद्धा बघा कोणी काढलाय.

पोलीस_लाईनमधला
शेवटच्या वाक्याला +१.

मध्यममार्गी
एक वेगळा सूर. सगळं ड्युटीच्या तासांवर ढकलू नये असं वाटतं. हिमांशू रॉय यांच्यासारखा वरिष्ठ आयपीएस अधिकारी २०१८ मध्ये आत्महत्येने गेला, तिथे हजेरी मेजर नव्हता, रजेची मारामारी नव्हती, ते आजारपणाच्या रजेवरच होते, कॅन्सर होता. दुखणं सगळ्या रँकला येतं.

डॉ_सावली
मध्यममार्गी, बरोबर. कुठल्याही एका कारणाने असं होत नाही, कोणाच्याही बाबतीत, आणि बाहेरून बसून आपण कारण ठरवूही नये. पण वरच्या रँकला एक दार तरी असतं, ओळखीचा डॉक्टर, स्वतःची गाडी, वेळ. त्या दारातून जायची लाज दोघांनाही सारखीच.

दोन_स्टार
दोन दिवस हा धागा वाचून डोक्यात राहिला म्हणून लिहितो. आमच्याकडे एक जण हल्ली कोणाशी बोलेनासा झाला होता. पूर्वी मी त्याला ओआरला, म्हणजे साहेबांपुढे कसुरीच्या सुनावणीला, उभा केला असता. काल त्याला म्हटलं चल, माझ्याबरोबर राऊंडला. पोलीस_लाईनमधल्यांची बाईकची आयडिया, जीपमध्ये वापरली, ड्रायव्हरला उतरवलं आणि स्वतः चालवली. तो काही बोलला नाही. हत्याराची ड्युटी सध्या दिली नाही, पण हत्यार काढून घेतलं असं कुठे लिहिलंही नाही, वायरलेसला बसवलंय, कारण विचारलं तर तिथे माणूस कमी आहे. जो तिथे खरंच कमी आहे.

निवृत्त_फौजदार
साहेब, सलाम. हे छत्तीस वर्षांत मला कोणी केलं असतं तर.

खिडकीतली_जाई
उशीर झाला, सगळे प्रतिसाद तीन-तीनदा वाचलेत. ह्यांनापण वाचायला दिले, माझं नाव इथे काय आहे ते न सांगता. खाकीताईंचं वाचून म्हणाले, "ही बाई आमच्याच जिल्ह्यातली असणार." चपलेचं वाचून काही बोलले नाहीत, फोन परत दिला आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

बाईक चालवायला मला येत नाही. एसटीने गेलो, शेजारच्या जिल्ह्यात, नणंदेकडे जातो सांगून. मी खिडकीशी, हे बाजूला, दोघं समोर बघत. घाट संपल्यावर म्हणाले, "त्या गाडीत फोन वाजत होते. सगळ्यांचे. आम्हाला उचलायचे नव्हते, आधी ओळख पटवायची होती." बस एवढंच. त्या अपघाताबद्दल पहिल्यांदा. तेव्हा मला कळलं की माझा फोन वाजला की हे खोलीतून का उठून जातात, आणि मी वर्षभर भलताच संशय घेत होते.

डॉक्टरांनी पाऊण तास घेतला. मला बाहेर बसवलं. गोळ्या दिल्यात, दारू बंद सांगितलीय, एकदम बंद नाही तर त्यांना विचारून, त्यांनी ठरवून दिल्याप्रमाणे. पावतीवर नुसतं क्लिनिकचं नाव आहे, हे ह्यांनी तिथल्या तिथे उलटीसुलटी करून बघितलं. तेरा दिवस झालेत. फार फरक नाही. एकदा रात्री गोळी खिडकीतून टाकलेली मला सकाळी कुंडीत सापडली, भांडण झालं. आता मी समोर उभी राहून देते आणि ते "उघड तोंड, दाखव" असं आरोपीला म्हणतात तसं मला म्हणायला लावतात, तेवढंच हसतो.

डॉ_सावली, दोन गोष्टी विचारायच्या होत्या. नाईट असेल तेव्हा रात्रीची गोळी कधी द्यायची? आणि पुढची तारीख नेमकी गणपती बंदोबस्तात येतेय, सुट्ट्या सगळ्यांच्या बंद.

डॉ_सावली
वेळ त्या डॉक्टरांनाच फोन करून विचारा, ड्युटीचा पत्रक त्यांना वाचून दाखवा, गोळीप्रमाणे बदलतं. तारीख विसर्जनानंतरची मागून घ्या, पण आहेत तेवढ्या गोळ्या तोवर पुरतील का ते आज मोजा. कुंडीतली धरून.

खिडकीतली_जाई
मोजल्या. चार कमी पडतायत. उद्या सकाळीच फोन करते.